साखळी उलटी करून दाखवा

गेल्या वर्षी मी एका बाईला नापास केलं. तिला उत्तर येत नव्हतं असं नाही, तिला वेळ पुरला नाही. आमच्या कागदावर एक चौकट असते : ‘दिलेल्या वेळेत उत्तर पूर्ण – होय / नाही’. मी ‘नाही’वर खूण केली, खाली सही केली आणि चहा प्यायला गेले. ती खूण मला तेव्हापासून टोचते आहे. आज लिहायला बसले ते त्यासाठीच.

मी संगणकाच्या क्षेत्रात अठरा वर्षं नोकरी करते आहे. त्यातली गेली आठ-नऊ वर्षं नोकरीसाठी येणाऱ्यांच्या मुलाखती घेण्याचं कामही माझ्याकडे आहे. मुलाखतीच्या टेबलाच्या या बाजूला एक बाई बसली की बायकांना न्याय मिळतो, असा माझा भाबडा समज होता. त्या दिवशी तो गेला. बाई बसली होती, पण कागद जुनाच होता.

मैत्रिणींनो, पुढचं वाचायला संगणकाचं शिक्षण लागत नाही. आमच्या मुलाखतींत वर्षानुवर्षं विचारला जाणारा एक प्रश्न आहे. ‘ही लिंक्ड लिस्ट उलटी करून दाखवा.’ लिंक्ड लिस्ट म्हणजे साखळी. जुन्या कार्यकर्त्यांना आपली निरोपाची साखळी आठवत असेल. मोर्चाची वेळ बदलली की पहिलीने दुसरीला फोन करायचा, दुसरीने तिसरीला, तिसरीने चौथीला. सगळ्यांची यादी कोणाकडेच नाही. प्रत्येकीकडे फक्त पुढच्या एकीचा नंबर. शेवटच्या बाईकडे कोणाचाच नाही, तिथे निरोप थांबतो. संगणकातली साखळीही अशीच असते. प्रत्येक कडीत एक मजकूर आणि पुढच्या कडीचा पत्ता, एवढंच.

आता ही साखळी उलटी करायची. म्हणजे शेवटच्या बाईने तिच्या आधीचीला फोन करायचा, असं करत करत निरोप पहिलीपर्यंत यायला हवा. नवी वही आणायची नाही, आहे त्याच वहीत नंबर खोडून नवे लिहायचे. वाटतं तितकं हे सोपं नाही. समजा मी दुसरीच्या वहीतला तिसरीचा नंबर खोडला आणि तिथे पहिलीचा लिहिला. आता तिसरीला शोधू कुठे? तिचा नंबर फक्त दुसरीकडेच होता. तिसरीपासून पुढच्या सगळ्या बायका हातातून गेल्या.

म्हणून तीन चिठ्ठ्या हाताशी ठेवायच्या. एकीवर ‘मागची’, दुसरीवर ‘हातातली’, तिसरीवर ‘पुढची’. सुरुवातीला ‘मागची’ कोरी असते, कारण पहिलीच्या मागे कोणीच नाही. प्रत्येक पावलाला आधी पुढचीचा नंबर तिसऱ्या चिठ्ठीवर उतरवून घ्यायचा. मग हातातलीच्या वहीत मागचीचा नंबर लिहायचा. मग दोन्ही चिठ्ठ्या एक घर पुढे सरकवायच्या. हातातली कोणी उरली नाही की थांबायचं. त्या वेळी ‘मागची’ या चिठ्ठीवर जी असेल तीच नव्या साखळीची पहिली. सगळं मिळून दहा-बारा ओळींचा प्रोग्रॅम होतो.

या दहा-बारा ओळींत चुकायच्या जागा मात्र बऱ्याच. पुढचीचा नंबर आधी उतरवला नाही तर साखळी तुटते. ‘मागची’ची चिठ्ठी कोरी न ठेवता तिथे पहिलीचंच नाव टाकलं, तर शेवटी पहिली स्वतःलाच रात्रभर फोन करत बसते आणि संगणक गोल गोल फिरत राहतो. सगळं बरोबर करून शेवटी सवयीने जुन्या पहिलीचंच नाव ‘ही घ्या सुरुवात’ म्हणून दिलं, तर ती तर आता शेवटची झालेली असते. हातात एकच बाई येते, बाकीच्या असूनही सापडत नाहीत.

म्हणून खरं काम आहे ते पुढचं, तपासण्याचं. कोणीच नसलेली, रिकामी साखळी दिली तर प्रोग्रॅम कोसळतो का? एकटीच बाई असली तर? दोघीच असल्या तर? उलटी करण्याआधी जितक्या होत्या तितक्याच नंतर आहेत ना? दोनदा उलटी केली तर पुन्हा मूळची साखळी मिळते का? आणि मुळातच कोणीतरी चुकून शेवटच्या बाईच्या वहीत मधल्या कोणाचा नंबर लिहून ठेवला असेल तर? मग साखळीला शेवटच नाही, मोजायला गेलं तर मोजणी संपणार नाही. असं चक्र आहे की नाही हे ओळखायची एक छान रीत रॉबर्ट फ्लॉइड यांच्या नावाने ओळखली जाते. साखळीवरून एकाला एकेक घर चालवायचं, दुसऱ्याला दोन-दोन घरं. चक्र असेल तर दोघं कुठेतरी भेटतातच. नसेल तर जलद चालणारा शेवटाला पोचून थांबतो.

आता त्या दिवसाबद्दल. पॅनेलवर आम्ही तिघं होतो, मी आणि दोन पुरुष सहकारी. सकाळी आलेला मुलगा नुकताच पदवीधर झालेला. प्रश्न ऐकताच तो बोर्डाकडे वळला आणि चार-पाच मिनिटांत पाढा म्हणावा तसं उत्तर लिहून मोकळा झाला. मी विचारलं, “साखळी रिकामी असली तर?” तो म्हणाला, “तशी कोण देईल, मॅडम?” त्याने सुरुवातच पहिलीच्या वहीत डोकावून केली होती. पहिलीच नसती तर प्रोग्रॅम जागच्या जागी कोसळला असता. आमच्या कागदावर ‘होय’ची खूण झाली.

दुपारी ती आली. वय चाळिशीच्या आतबाहेर. लग्नाआधी आणि नंतर मिळून सहा वर्षं नोकरी केलेली, मग सात वर्षांचा खंड. दोन बाळंतपणं, पाठोपाठ सासऱ्यांचं अंथरुणाला खिळणं. खंडाबद्दल आम्ही विचारलं नव्हतं, तिनेच सांगितलं, माफी मागितल्यासारखं. बोर्डासमोर उभी राहिली तेव्हा तिच्या हातातला पेन हलत होता. अर्ध्यापर्यंत नीट आली आणि पुढचीचा नंबर उतरवून घ्यायला विसरली. पण ती पुढे गेली नाही. बाजूला तीन चौकोन काढले, स्वतःचा प्रोग्रॅम एकेक ओळ त्यांच्यावर चालवून पाहिला आणि स्वतःच म्हणाली, “इथे माझी तिसरी हरवते.” चूक दुरुस्त केली. मग कोणी न विचारता बोर्डाच्या कडेला लिहायला लागली : रिकामी, एकटी, दोघी. माझ्याकडे वळून विचारलं, “साखळीत चक्र नसणार असं धरू का? तसं सांगितलेलं नाही म्हणून विचारते.” माझ्या शेजारच्या सहकाऱ्याने घड्याळ दाखवलं. शेवटच्या दोन ओळी राहिल्या होत्या.

आमच्या कागदावर चूक स्वतः शोधल्याला गुण नव्हते. तपासणीला गुण नव्हते. योग्य प्रश्न विचारल्याला गुण नव्हते.

मला त्या मुलाबद्दल काही आकस नाही. त्याला जे शिकवलं ते त्याने केलं. प्रश्न असा आहे की आम्ही परीक्षा कशाची घेतो? अशी साखळी ही कल्पना १९५५-५६ च्या सुमारास अमेरिकेत ॲलन न्यूएल, क्लिफ शॉ आणि हर्बर्ट सायमन यांनी त्यांच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत वापरात आणली. तेव्हाच्या यंत्रांची स्मृती इवलीशी होती, तेव्हा ही जुळवाजुळव हाताने करणं भागच होतं. आज ती तयार मिळते. माझ्या अठरा वर्षांत कामावर असताना मला अशी साखळी हाताने उलटी करावी लागलेली नाही, फक्त मुलाखतींत लागली. उलट रिकामी यादी, चुकीची माहिती, कोणी न धरलेली शक्यता यांच्याशी रोज सकाळी गाठ पडते. रात्री दोन वाजता येणारे फोन त्याच कारणाने येतात.

म्हणजे ही परीक्षा बव्हंशी सरावाची आहे. त्यासाठी जाडजूड पुस्तकं आहेत, शिकवण्या आहेत, शेकडो प्रश्नांचे संच आहेत. यातलं जगभर सर्वांत जास्त वापरलं गेलेलं एक पुस्तक गेल लाकमन मॅकडॉवेल या बाईने लिहिलं आहे. २००८ साली ते प्रथम आलं, आणि त्याच्या सहाव्या आवृत्तीत १८९ प्रश्न आहेत. सराव करणं वाईट नाही. पण सरावाला संध्याकाळ लागते, आणि संध्याकाळ कोणाची मोकळी असते हे या पानांच्या वाचकांना मी काय सांगू? वसतिगृहातला मुलगा रात्री जेवून दोन तास प्रश्न सोडवतो. तिच्या घरी त्या दोन तासांत भांडी, मुलांचा गृहपाठ, सासऱ्यांचं औषध आणि उद्याची भाजी असते. आम्ही समजतो की आम्ही बुद्धी मोजतो. मोजतो ते फावला वेळ.

यातही आणखी एक पदर आहे. आमच्याकडे नुसतं उत्तर लिहून चालत नाही, ‘मोठ्याने विचार करत’ सोडवावं लागतं, आणि तेही इंग्रजीत. जिल्ह्याच्या गावातून, मराठी शाळेतून आलेल्या मुलीच्या डोक्यात एकाच वेळी तीन चिठ्ठ्या आणि इंग्रजी व्याकरण असं दोन्ही चालू असतं, समोर तीन परके चेहरे. इंग्रजी बोलणाऱ्या घरातून आलेल्याला हे ओझं नसतं. ओझं दिसत नाही म्हणून ते नाही असं आम्ही धरून चालतो.

नुसत्या पाहण्याचा काय परिणाम होतो, याचा प्रयोग झालेला आहे. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या संशोधकांनी २०२० साली तो प्रसिद्ध केला. ४८ विद्यार्थ्यांना प्रोग्रॅमिंगचा एक प्रश्न दिला. काहींनी तो परीक्षकासमोर, मोठ्याने बोलत बोर्डावर सोडवायचा होता. बाकीच्यांनी तोच प्रश्न बंद खोलीत, एकट्याने. पाहणारा समोर असताना कामगिरी निम्म्याहून खाली आली. आणि त्यातल्या मुलींचं काय झालं? परीक्षकासमोर सोडवणाऱ्यांपैकी एकीलाही उत्तर आलं नाही, एकट्याने सोडवणाऱ्या सगळ्यांना आलं. मुलींची संख्या थोडी होती, आणखी मोठे अभ्यास व्हायला हवेत, असं संशोधकांनीच म्हटलं आहे. तेवढं लक्षात ठेवूनही विचार करा. लहानपणापासून ‘लोक बघताहेत’ हे वाक्य कोणाच्या कानांवर जास्त पडलेलं असतं?

कोणी म्हणेल, या क्षेत्रात बायका मुळात कमीच, त्यांचा कलच नाही. इतिहास उलटं सांगतो. १९४५-४६ साली अमेरिकेत ‘एनिॲक’ हे प्रचंड गणकयंत्र तयार झालं, त्यात सुमारे १८ हजार व्हॅक्यूम ट्यूब होत्या. ते चालवण्याच्या कामाचे पहिले प्रोग्रॅम लिहिले सहा तरुणींनी : के मॅकनल्टी, बेट्टी जेनिंग्ज, बेट्टी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रॅन बिलास आणि रूथ लिक्टरमन. शिकवायला कोणी नव्हतं, पुस्तक नव्हतं. नकाशे वाचून त्यांनी यंत्र समजून घेतलं, आणि बिघाड झाला तर नेमकी कोणती ट्यूब गेली इथपर्यंत त्या शोधून काढत. म्हणजे प्रोग्रॅम लिहिणं आणि तपासणं ही दोन कामं त्यांच्यासाठी वेगळी नव्हतीच. तेव्हा यंत्र बांधणं हे पुरुषांचं, मोठेपणाचं काम समजलं जाई, आणि प्रोग्रॅम लिहिणं हे कारकुनी काम. म्हणून ते बायकांकडे आलं.

मग प्रोग्रॅमला पैसा आणि प्रतिष्ठा मिळू लागली, माणसं मोठ्या संख्येने हवी झाली आणि निवडीच्या चाचण्या आल्या. कोडी आणि गणिती आकडेमोड यांवर भर. १९६६ साली विल्यम कॅनन आणि डॅलिस पेरी या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रोग्रॅमरांच्या आवडीनिवडींचा अभ्यास करून निष्कर्ष काढला की त्यांना कोडी सोडवायला आवडतात आणि माणसांत फारसा रस नसतो. मालकांनी मग तशीच माणसं शोधायला सुरुवात केली, असं इतिहासकार नेथन एन्समेंगर यांनी दाखवलं आहे. एकलकोंडा, माणूसघाणा, कोड्यांत रमणारा तरुण हा जणू प्रोग्रॅमरचा नमुना ठरला. मापच त्याच्या अंगाचं घेतलं, मग इतरांना ते कपडे बसत नाहीत यात नवल ते काय? आमचा ‘साखळी उलटी करा’ हा प्रश्न त्याच घराण्यातला आहे.

आणि तपासणीचं काय झालं? आमच्याकडे ते वेगळं खातं झालं. मी जिथे जिथे काम केलं तिथे त्या खात्यात बायका जास्त आणि मान कमी असंच पाहिलं. ‘टेस्टिंग बायकांना बरं, त्या बारकाईने बघतात’ हे वाक्य मी कौतुकाच्या सुरात कितीदा ऐकलं आहे. तांदूळ निवडण्यासारखंच हे. खडा सापडला नाही तर कोणी आठवण काढत नाही, दाताखाली आला तर निवडणारीचा उद्धार होतो.

इथे आपणही सावध राहायला हवं. बायका निसर्गतःच काळजीवाहू, म्हणून त्या चांगलं तपासतात, असं मी म्हणत नाही. ते म्हटलं की आपणच आपल्याला त्या खात्यात कोंडून घेतो. ‘काय चुकू शकेल’ हा विचार ज्याच्या माथी मारला जातो त्याला तो येतो. घरातलं दूध उतू गेलं तर जाब जिला विचारतात तीच गॅसकडे बघायला शिकते. हे शिकलेलं कौशल्य आहे आणि ते पुरुषांनाही शिकता येतं. त्याला मोल द्यायला मात्र हवं.

माझे सहकारी विचारतात, “मग बायकांसाठी निकष सैल करायचे का?” मुळीच नाही. मला ते जास्त कडक हवे आहेत. अर्धवट तपासलेला प्रोग्रॅम चार मिनिटांत लिहिणाऱ्याला आजचा निकष सहज सोडून देतो, सैल तर तो आहे. माझ्या काही मैत्रिणी दुसऱ्या टोकाने म्हणतात, “तक्रार कशाला? आपल्या मुलींनी सराव करावा आणि जिंकून दाखवावं.” तेही मी करते. दोन वर्षं दर रविवारी सकाळी पाच-सहाजणींना घेऊन बसते, चिठ्ठ्या हातात देऊन साखळ्या उलट्या करायला लावते. आजच्या मुलीला आजच नोकरी हवी आहे, परीक्षा बदलेपर्यंत तिने थांबावं असं मी कसं म्हणू? पण फक्त तेवढंच केलं तर आपण परीक्षेला शरण गेलो. दोन्ही करावं लागेल.

कामाच्या ठिकाणी करता येण्यासारखं मला असं सुचतं. प्रश्न दिल्यावर उमेदवाराला वीस मिनिटं खोलीत एकटं सोडा, मग येऊन चर्चा करा. हवं तर कोऱ्या बोर्डाऐवजी चूक असलेला प्रोग्रॅम हातात द्या आणि चूक शोधायला सांगा, कारण नोकरीत रोज तेच करायचं आहे. तपासणीला निम्मे गुण ठेवा. विचार मराठीत किंवा हिंदीत मांडायची मुभा द्या. आणि खंडाचा हिशोब मागू नका. २०१७ च्या कायद्यातल्या दुरुस्तीने बाळंतपणाची पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली, ती आपल्या लढ्याची कमाई आहे. पण सात वर्षांनी परत येणारीला कोणत्याच कायद्याचं दार नाही. तिच्यापुढे आमच्यासारखं पॅनेल आणि आमच्यासारखा कागद असतो.

हे सगळं लिहिताना मला सारखं वाटतं की तिने बोर्डाच्या कडेला जे तीन शब्द लिहिले ते आपल्या चळवळीचेच आहेत. रिकामी, एकटी, दोघी. कायदा करणाऱ्यांनी, अर्ज छापणाऱ्यांनी, योजना आखणाऱ्यांनी नेहमी मधल्या, भरल्या घरातल्या बाईचा विचार केला. जिच्या अर्जावर लिहायला नवऱ्याचं नाव नाही तिचं काय, असं आपण विचारत आलो. आईचं नाव लावायला जागाच नाही, असंही आपण सांगत आलो. महाराष्ट्र सरकारने सरकारी कागदपत्रांवर आईचं नाव बंधनकारक करण्याचा निर्णय २०२४ साली घेतला. इतकी वर्षं तो अर्ज कोणी तपासलाच नव्हता. ‘तशी कोण देईल, मॅडम?’ हे उत्तर आपण वेगवेगळ्या कचेऱ्यांत किती वेळा ऐकलं आहे!

आमच्या पॅनेलच्या कागदावर आता एक ओळ वाढली आहे : ‘उमेदवाराने स्वतःहून काय तपासलं?’ ती ओळ घालून घ्यायला मला चार महिने आणि बरीच भांडणं लागली. वेळेची चौकट अजून आहे, पण ती एकटी निर्णय करत नाही. त्या बाईला मी नंतर पत्र पाठवलं, पुन्हा या म्हणून. उत्तर आलं नाही. कदाचित तिला दुसरीकडे नोकरी लागली असेल. कदाचित तिने पुन्हा कुठे प्रयत्नच केला नसेल, आणि त्यात माझ्या सहीचा वाटा असेल.

तुमच्यापैकी ज्या कुठल्याही निवडीच्या टेबलाशी बसत असतील, शाळेत, बँकेत, दवाखान्यात, बचतगटाच्या कर्जाच्या बैठकीत, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. पुढच्या वेळी खूण करण्याआधी आपल्या हातातला कागद एकदा तपासून बघा. त्यात कोण बसत नाही ते लिहून काढा, आणि काय सापडलं ते इथे कळवा.